जुनी कयाक, नवं खोगीर: गुडघ्यांवर बसून वल्हवायची बोट घेताना आणि विकताना

बोट बघायला निघण्याआधी घरातच एक काम उरकून घ्या. सतरंजीवर वज्रासनात बसा, बुडाखाली वीतभर उंचीचा घट्ट लोड घ्या आणि घड्याळ लावून वीस मिनिटं तसेच राहा. पायाला मुंग्या आल्या तर हरकत नाही, सवयीने त्या कमी होतात. पण गुडघ्याच्या आतून कळ येत असेल किंवा पाऊल मागे सपाट पडतच नसेल, तर हा सौदा तुमच्यासाठी नाही. पाय पसरून बसायची साधी कयाक घ्या आणि खुशाल नदीवर या. पंगतीत तास-तासभर मांडी घालून बसणारी आपली माणसं, त्यामुळे बहुतेकांना हे जमतं असा माझा अनुभव आहे.

खळाळत्या पाण्यातल्या बोटींची दोन घराणी आहेत. कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसायचं आणि हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं धरायचं. कॅनूमध्ये गुडघे टेकून बसायचं, आणि वल्ह्याला पातं एकच. ऑलिंपिकच्या स्लालममध्ये, म्हणजे खळाळात टांगलेल्या फाटकांमधून वाट काढायच्या शर्यतीत, एकट्याच्या कयाकला के-वन आणि एकट्याच्या कॅनूला सी-वन म्हणतात. पुरुषांचं सी-वन १९७२ मध्ये म्युनिकला झालं, मग मोठा खंड पडला आणि १९९२ च्या बार्सिलोनापासून ते परत आलं. महिलांचं सी-वन पहिल्यांदा टोकियोत झालं. गुडघ्यांवर बसलं की डोळे वीतभर वर जातात, पुढची लाट आणि तिच्यामागचा खडक आधी दिसतो. ज्याला ही चव लागली तो पुन्हा पाय पसरून बसायला सहसा तयार होत नाही.

अडचण अशी की खळाळत्या पाण्याचा कॅनू मी मराठवाड्यातल्या एकाही दुकानात पाहिलेला नाही. त्यामुळे आपल्यासमोर येते ती बदललेली बोट. कुणीतरी जुनी प्लॅस्टिकची कयाक घेतो, तिची खुर्ची काढतो, त्या जागी जाड फोमचा उंच ठोकळा बसवतो आणि मांड्या आवळायला पट्टे लावतो. या ठोकळ्याला सगळे सॅडल म्हणतात. मी खोगीर म्हणतो, कारण घोड्यावर जशी मांड टाकतात तसंच त्यावर बसायचं असतं. अशी बोट घेताना आपण खरं तर दोन वस्तू घेत असतो, एक प्लॅस्टिकचं कवच आणि दुसरं हे खोगीर-पट्ट्याचं काम. नवखा माणूस कवच बघून पैसे देतो. जीव मात्र दुसऱ्या वस्तूवर अवलंबून असतो.

आधी पाणी ठरवा

आपली गोदावरी पैठणपासून नांदेडपर्यंत संथ. मांजरा, दुधना, सिंदफणा पावसाळ्यात फुगतात आणि उरलेलं वर्षभर बंधाऱ्यांमागे डबक्यांसारख्या थांबतात. म्हणून मराठवाड्यातल्या माणसाने सराव इथल्या थांबलेल्या पाण्यात करायचा आणि खळाळासाठी रायगड जिल्ह्यातल्या कोलाडला जायचं, हा सरळ हिशेब आहे. भिऱ्याच्या वीजघरातून सोडलेलं पाणी तिथल्या कुंडलिका नदीत येतं, त्यामुळे तिथे उन्हाळ्यातही वाहतं पाणी मिळतं. कठीणपणाची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी एक ते सहाची आहे, आणि कुंडलिकेचा राफ्टिंगचा टप्पा साधारण दोन-तीनचा. शिकणाऱ्याला तेवढा पुरतो. संभाजीनगरहून पुणे आणि ताम्हिणीमार्गे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. नांदेड-लातूरकरांनी मुक्काम धरूनच निघावं.

इथे एक गोष्ट मी प्रत्येक नवख्याला हात धरून सांगतो. पुराच्या दिवसांत कोल्हापुरी बंधाऱ्यावरून पाणी पडताना दिसतं, खाली फेस असतो आणि वाटतं की हेच आपलं खळाळतं पाणी. तिकडे फिरकूही नका. भिंतीवरून पडलेलं पाणी खाली गेल्यावर वरच्या थरातून उलटं भिंतीकडे येतं, आणि ते वळण नदीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग असतं. त्यात सापडलेली बोट, ओंडका, माणूस, काहीच बाजूने निसटत नाही. पट्टीचे पोहणारे यात गेले आहेत.

सरावासाठी शेततळंही नको. प्लॅस्टिकच्या अस्तराचा उतार ओला झाला की त्यावर बोटही ठरत नाही, मग चढून बाहेर यायचं कसं? कालव्याला आवर्तन सुटलेलं असेल तेव्हा कालवाही नको, त्याच्या सिमेंटच्या भिंतींचं तेच. नाथसागर मोठा आहे, पण तो पक्षी अभयारण्यही आहे, तेव्हा तिथे वन खात्याला आणि पाटबंधारे खात्याला विचारल्याशिवाय बोट उतरवू नका. लहान तलावावर गेलात तर आधी तिथल्या भोई-मच्छीमारांना भेटा. नायलॉनची जाळी कुठे लावली आहेत ते त्यांनाच ठाऊक असतं, आणि गुडघ्यांवर बांधलेल्या माणसाला पाण्याखालचं जाळं फार महागात पडतं. सगळ्यात चांगला म्हणजे छातीभर पाण्याचा पोहण्याचा तलाव. तासभरासाठी परवानगी मिळवायला दोन चकरा माराव्या लागल्या तरी मारा.

कवच तपासताना

या बोटी ज्या पद्धतीने बनतात त्याच पद्धतीने आपल्या गच्चीवरची काळी टाकी बनते. प्लॅस्टिकची भुकटी साच्यात घालून साचा भट्टीत फिरवत ठेवायचा. टाकीला जे रोग होतात तेच बोटीला होतात, हे एकदा कळलं की निम्मी परीक्षा तिथेच झाली.

पहिला रोग उन्हाचा. ओल्या फडक्याने बोटीची पाठ जोरात पुसा. फडक्यावर रंगाची पूड आली तर बोट बरीच वर्षं उघड्यावर पडलेली आहे. कॉकपिटच्या, म्हणजे आत बसायच्या तोंडाच्या, काठाखाली, जिथे ऊन पोचत नाही, तिथला रंग बघा आणि वरच्या रंगाशी ताडून पाहा. फिकटपणा मी मान्य करतो. पण अंगठ्याने दाबल्यावर प्लॅस्टिक न लवता कडकड वाजत असेल, किंवा काठाजवळ केसाएवढ्या बारीक भेगा असतील, तर फुकट मिळाली तरी घेऊ नका.

दुसरा रोग झिजण्याचा. तळ सगळ्यात आधी झिजतो तो बसायच्या जागेखाली, कारण वजन तिथे आणि खडकाचा घासाही तिथेच. बोट अंधाऱ्या खोलीत नेऊन आत मोबाइलची बॅटरी लावा आणि बाहेरून बघा. फिकट रंगाच्या बोटीत पातळ झालेला भाग कंदिलाच्या काचेसारखा उजळतो. गडद बोटीत हे दिसत नाही, तिथे दोन्ही तळहातांनी दाबत पुढून मागे जा, म्हणजे कुठे जास्त लवतं ते कळतं. ओरखडे मोजत बसू नका. बसाल्टवर घासलेल्या बोटीला ओरखडे असणारच, उलट एकही नसेल तर ती नदीवर गेलेलीच नाही.

तळाला खोलगट पोचा असेल तर घाबरायचं कारण नाही. एप्रिल-मेच्या उन्हात बोट दुपारभर पालथी ठेवा आणि आतून गुडघ्याने दाबा, बरेच पोचे वर येतात. आपल्याकडचा उन्हाळा एवढ्या कामाला तरी येतो. पण हीच बोट पत्र्याच्या शेडमध्ये दोन दोऱ्यांवर टांगून उन्हाळे काढलेली असेल तर ती लांबीतच वाकलेली असते. मागे उभं राहून शेपटापासून नाकापर्यंत एका डोळ्याने बघा, सुतार फळी बघतो तसं. लांबीतला वाक निघत नाही.

तिसरा रोग भेगेचा. दोन टायरांवर बोट ठेवून आत चार बादल्या पाणी ओता आणि चहा होईपर्यंत थांबा. खाली थेंब दिसला तर जागा खडूने खुणावा. भेग वेल्ड होते, पण सगळ्या प्लॅस्टिकची नाही. विकणाऱ्याला विचारून काठावरून नखाएवढी चिरफळी काढा आणि लायटरवर धरा. वितळून ओघळली तर गरम हवेच्या बंदुकीने पाण्याच्या टाक्या जोडणारा कारागीर ती भेग नीट भरेल. न ओघळता रबरासारखी राहिली तर ते प्लॅस्टिक वेगळ्या जातीचं आहे. ते चिवट खरं, पण वेल्ड धरत नाही. काठाच्या धारेवर आधीच वेल्ड केलेली भेग असेल तर माझ्या मते किंमत निम्मी धरा, तिथेच ती पुन्हा उघडते.

परदेशी बनावटीची बोट असेल तर मागच्या टोकाशी उजव्या अंगाला कोरलेला क्रमांक शोधा. अमेरिकी बोटीवर तो बारा अक्षर-अंकांचा असतो आणि शेवटच्या चारांत वय लिहिलेलं असतं. शेवट सी४०४ असा असेल तर सी म्हणजे तिसरा महिना मार्च, ४ म्हणजे २००४ मध्ये बनली, आणि ०४ हे मॉडेलचं वर्ष. ‘तीनचार वर्षांची आहे’ असं सांगणाऱ्याला हा क्रमांक मोठ्याने वाचायला सांगा. तो खरवडून काढलेला असेल तर बोट कुणाची आहे हाच प्रश्न उभा राहतो, मग पुढे बोलूच नका.

खोगीर, पट्टे आणि पाय सुटायची वाट

इथे घाई करू नका.

माझी पहिली अशी बोट मी फोटो बघून घेतली. विकणारा परराज्यातला, पैसे आधीच दिलेले, बोट ट्रॅव्हल्सच्या टपावरून पहाटे सिडको बसस्टँडजवळ उतरली. हिरवी, तुळतुळीत. दोन आठवड्यांनी एका पोहण्याच्या तलावात मित्राला शेजारी उभं करून मी ती मुद्दाम उलटी केली. बक्कल ओढलं, पट्टा सुटला, उजवा पाय निघाला. डावा निघेना. खोगीर एका अंगाला सरकवून चिकटवलेलं होतं, त्यामुळे ते आणि बोटीची भिंत यांच्यात बुटासकट पाऊल पाचर ठोकल्यासारखं बसलं. डोकं खाली, नाकात पाणी, आणि हाताला फक्त फोम लागतो आहे. मित्राने बोट कवेत घेऊन सरळ केली म्हणून वर आलो. घरी येऊन मोजलं. ती फट नऊ सेंटिमीटर होती, माझा बूट साडेदहा.

तेव्हापासून मी टेप आणि नदीवर घालायचे बूट घेऊनच बोट बघायला जातो. खोगिराच्या दोन्ही बाजूंची फट बुटाच्या रुंदीपेक्षा दोन बोटं जास्त हवी. खोगिराची उंची तळापासून साधारण १८ ते २२ सेंटिमीटर. कमी उंचीवर बोट स्थिर राहते, पण गुडघे लवकर भरतात आणि पाय काढायला जागा उरत नाही. उंची वाढवली की पायांना आराम मिळतो, पण बोट डुलते. नवख्याने आधी थोडी डुलणारी बोट सोसावी, पाय अडकवणारी नको. कॉकपिटचं तोंडही मोजा. लांबी ८० सेंटिमीटरच्या पुढे असेल तर गुडघे सरळ वर निघतात. जुन्या कयाकांचं तोंड लहान आणि गोल असतं. त्यातून गुडघे दुमडलेला माणूस उलट्या बोटीतून सुटत नाही, तेव्हा तशी बदललेली बोट दिसली तर तिथूनच परत फिरा.

आता खोगीर दोन्ही हातांनी धरून घोडा हलवावा तसं हलवा. या प्लॅस्टिकवर कुठलाही गोंद मनापासून चिकटत नाही, आणि आपल्याकडच्या ४२ अंशांत तर चिकटलेलाही सुटतो. चांगल्या कामात खोगीर नुसतं चिकटवलेलं नसतं, पुढे-मागे वरच्या डेकखाली फोमच्या उभ्या भिंतींनी किंवा बोल्टने अडवलेलं असतं. बोल्ट कवचातून आरपार गेले असतील तर प्रत्येकाखाली रबरी वॉशर आहे का बघा. गुडघ्यांखालच्या गाद्या उचकटून पाहा. गोदामात पडलेल्या बोटीत उंदीर आधी तिथे शिरतात. आणि हो, हात घालण्याआधी बोट पालथी करून थोपटा. विंचू आणि गांधीलमाश्यांची पोळी मला दोन्ही मिळालेली आहेत.

पट्ट्याची शिवण नखाने उकरून बघा, उन्हाने दोरा आधी मरतो. मग डोळे मिटून, एका हाताने, एकाच हिसक्यात पट्टा सुटतो का ते दहा वेळा करून पाहा, पाच वेळा उजव्याने, पाच वेळा डाव्याने. घोट्याभोवती बांधायचा पट्टा कुणी लावला असेल तर तो तिथेच कापायला सांगा.

शेवटी पाण्यात. हेल्मेट आणि लाइफ जॅकेट घालून छातीभर पाण्यात बसा, एकाला काठावरून बघायला सांगा. नाक आणि शेपूट सारखंच तरंगलं पाहिजे. नाक जड असेल तर खोगीर मागे सरकवावं लागेल, म्हणजे सगळं काम नव्याने. मग पाण्यात एक माणूस शेजारी उभा ठेवून बोट उलटी करा आणि बाहेर या, लागोपाठ तीन वेळा. बैल घेताना आपण नुसते दात बघत नाही, औताला जुंपून चालवून बघतो आणि मगच इसार देतो. विकणारा म्हणाला की उलटी करून कशाला बघता, तर त्याला नमस्कार करून घरी या.

मूळ कयाक कुठली होती

रुंदी ६३ ते ६६ सेंटिमीटर आणि सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाला २६० ते ३०० लिटर आकारमान, ही माझी पसंती. गुडघ्यांवर बसल्याने वजन वर जातं, म्हणून अरुंद आणि छोट्या, खेळायच्या कयाका या कामाच्या नाहीत. तळ सपाटसर असेल तर नवख्याला बरं.

अख्खा उघडा कॅनू क्वचितच कुणाकडे निघतो. निघालाच तर तो रॉयलेक्सचा आहे का विचारा. बाहेर विनाइल, मग एबीएस हे कडक प्लॅस्टिक आणि मधे फोम असं ते थरांचं साहित्य, २०१४ च्या सुमारास बनायचं बंद झालं. वरचा थर झिजून आतला वेगळा रंग दिसत असेल तर इपॉक्सीने डागडुजी होते. दाबल्यावर मऊ लागत असेल तर थर सुटले आहेत. दोघांचा १६ फुटी कॅनू म्हणजे जवळपास ४.९ मीटर, आणि बोलेरो चार मीटरला जेमतेम कमी. टपावर नेणार कसा, ते आधी ठरवा.

किंमत आणि पैसे

दोन वस्तूंचा भाव वेगवेगळा करा. समजा तशीच न बदललेली जुनी कयाक बाजारात ४०,००० ला मिळते आहे. खोगीर तुमच्या मापाचं असेल तर त्यावर फोम, पट्टे आणि दोन रविवारच्या मेहनतीचे पैसे द्या, आनंदाने द्या, कारण ते काम किचकट आहे. मापाचं नसेल तर वर काहीच देऊ नका, उलट काढण्याचा त्रास वजा करा. मूळ खुर्ची, पाठीचा पट्टा आणि मांडीचे आधार विकणाऱ्याने जपून ठेवले आहेत का, हे जरूर विचारा. ते मिळाले तर बोट पुन्हा कयाक होऊ शकते आणि उद्या तुम्हाला दोन प्रकारची गिऱ्हाइकं मिळतात. बोट बुडू नये म्हणून आत कोंबायच्या हवेच्या पिशव्या, वल्हं, स्कर्ट (कमरेला घालून कॉकपिटचं तोंड झाकायचं कापड) हे वेगळं मोजा. पिशव्या फुगवून रात्रभर ठेवा, सकाळी कळतं.

लांबच्या माणसाशी व्यवहार असेल तर व्हिडिओ कॉलवर क्रमांक, तळ आणि पट्टा सुटताना दाखवायला सांगा. इसार थोडा, बाकी बोट बघून. आणि तुम्ही विकणारे असाल तेव्हा कुणी ‘हा कोड स्कॅन करा म्हणजे पैसे येतील’ म्हणालं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावी लागत नाही. सौदा ठरला की साध्या कागदावर दोघांची नावं, बोटीचा क्रमांक, रक्कम, तारीख आणि माहीत असलेले दोष लिहून दोघांनी सह्या करायच्या.

विकताना

गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न वजन-उंचीचा आणि बुटाच्या मापाचा विचारा. माप जुळत नसेल तर तोंडावर सांगा. मी दोन गिऱ्हाइकं अशी परत पाठवली, त्यातल्या एकाने वर्षभराने दुसरी बोट माझ्याकडूनच घेतली. बोट धुऊन घ्या, पण मेणाने चमकवू नका, भेगा झाकल्यासारखं वाटतं आणि संशय येतो. फोटोत वेल्ड आणि झिजलेला तळ आधी दाखवा. मृगाच्या आधी विचारणा वाढते, तेव्हा मे महिन्यात बोट सावलीत काढून ठेवा.

पैसे हातात आले तरी नवख्याला बोट देऊन लगेच वाटेला लावू नका. एक सकाळ त्याच्यासोबत पाण्यात उभे राहा, तो तीन वेळा उलटा होऊन स्वतः बाहेर येईपर्यंत. मग टपावर बोट बांधून द्या, दोन आडवे पट्टे आणि नाकाला एक दोरी. गुडघ्याखालच्या गादीचे कापून उरलेले फोमचे तुकडे आणि एक जादा बक्कल पिशवीत घालून खोगिराशी बांधून ठेवा. डाव्या बाजूची गादी तुम्ही स्वतःच्या गुडघ्यासाठी बोटभर तासली असेल, तर तेही त्याला सांगा. त्याचा गुडघा वेगळा असणार.